परांची केव्हा उतरवावी?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाची एक कृती असते. उतारा वाचून विद्यार्थ्याने प्रथम आकृतिबंध पूर्ण करावयाचा, ओघतक्ता भरावयाचा, आणि शेवटी उताऱ्यातील एखाद्या विचाराविषयी आपले स्वतःचे मत काही ओळींत मांडावयाचे, अशी ही योजना. 2018 मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पाठांतराला आळा बसावा आणि मुलांनी स्वतः विचार करावा, हा या मांडणीमागचा हेतू होता. तो निर्मळ होता याविषयी आम्हाला शंका नाही. मात्र पुस्तकांच्या दुकानात जाऊन दहावीचे एखादे मार्गदर्शक उघडून पाहावे. त्यात 'स्वमत' या मथळ्याखाली तयार उत्तरे छापलेली आढळतात. स्वतःचे मत, ते दुसऱ्याने लिहिलेले, आणि सर्वांसाठी एकच!

यावर हसणे सोपे आहे. मार्गदर्शक छापणाऱ्यांना, ते विकत घेणाऱ्या पालकांना आणि ते पाठ करणाऱ्या मुलांना नावे ठेवणेही सोपे आहे. परंतु साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना अधिक अवघड असा एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. विचार करण्यास मदत व्हावी म्हणून दिलेली चौकट विचार टाळण्याची सोय कशी काय बनते? आणि बनत असेल, तर चौकटच नको, असे म्हणावे काय?

चौकट म्हणजे आम्हाला येथे काय अभिप्रेत आहे, ते आधी स्पष्ट करू. गेल्या काही दशकांत वर्गात वापरण्यासाठी अनेक विचारसाधने तयार झाली. एडवर्ड डी बोनो यांनी 1985 मध्ये मांडलेल्या सहा टोप्या आता शिक्षक-प्रशिक्षणात सर्वपरिचित आहेत: पांढरी टोपी वस्तुस्थितीची, लाल भावनेची, काळी सावधगिरीची, पिवळी लाभाची, हिरवी नव्या कल्पनेची आणि निळी सबंध चर्चेचे नियमन करणारी. डोना ओगल यांनी 1986 मध्ये वाचनासाठी तीन रकाने सुचवले: मला काय ठाऊक आहे, काय जाणून घ्यायचे आहे, आणि वाचून झाल्यावर काय कळले. जोसेफ नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात 1972 च्या सुमारास संकल्पना-नकाशाची पद्धत विकसित केली. हार्वर्डच्या 'प्रोजेक्ट झिरो'मधून 'काय दिसते, काय वाटते, कोणता प्रश्न पडतो' ही तीन पायऱ्यांची रीत आली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मनात एकाच वेळी गुंतलेल्या क्रिया ती वेगळ्या करतात आणि एका वेळी एकच करावयास सांगतात.

आता साहित्याच्या प्राध्यापकांकडून यावर येणारा आक्षेप प्रथम नीट ऐकून घेतला पाहिजे. आक्षेप असा: कविता ही काही कारखान्यातील यंत्र नव्हे की तिचे भाग सुटे करून टेबलावर मांडावेत. रसास्वाद ही अखंड घटना आहे. तिच्यात पाहणे, वाटणे आणि विचारणे एकाच क्षणी घडते. टोप्या आणि रकाने ही व्यवस्थापनशास्त्राच्या शिबिरांतून आलेली उसनवारी आहे. तिने कविता कळत नाही, केवळ तक्ता भरतो. चांगला शिक्षक कविता वाचतो, बोलतो, थांबतो. आणि ज्याला कळायचे त्याला कळते.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही पुढे मान्यही करणार आहोत. परंतु त्यातील शेवटचे वाक्य आम्हाला खटकते. ज्याला कळायचे त्याला कळते, हे खरे. पण कोणाला कळते? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट होते, ज्याच्या आईने किंवा आजोबांनी त्याच्यासमोर एखाद्या शब्दावर थांबून 'हा शब्द इथे का बरे आला असेल?' असे म्हटले होते, त्याला. त्या मुलाकडे चौकट नसते असे नाही. ती त्याला घरीच मिळालेली असते आणि इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला आपण 'रसिकता' म्हणतो. घरातील पहिली पदवी घेण्यासाठी आलेला विद्यार्थी मात्र त्याच वर्गात त्याच कवितेसमोर बसतो तेव्हा आपण नेमके काय करावयाचे आहे, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. 'कवितेचा आस्वाद घ्या' ही सूचना त्याच्या दृष्टीने पोहता न येणाऱ्याला 'पोहा' म्हणण्यासारखी आहे. चौकटविरहित वर्ग हा मुक्त वर्ग असतो, हा आपला समज आहे. वस्तुतः तो बहुधा अशा मुलांचा वर्ग असतो, ज्यांना चौकट वारशाने मिळालेली आहे.

यामुळे आम्ही विचारसाधनांच्या बाजूने आहोत. पण कोणत्या अटींवर, ते आम्हाला एका फसलेल्या प्रयोगातून कळले, आणि तो प्रयोग आमचाच होता.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही बालकवींची 'औदुंबर' घेतली होती. ही कविता अवघी आठ ओळींची, शाळेपासून ओळखीची, 'निसर्गाचे सुंदर वर्णन' हे तिचे उत्तर बहुतेकांना तोंडपाठ. आम्ही प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि त्यावर तीन रकाने आखावयास सांगितले: काय दिसते, काय वाटते, कोणता प्रश्न पडतो. अट एवढीच की पहिली दहा मिनिटे केवळ पहिला रकाना भरावयाचा. त्यात कवितेत प्रत्यक्ष असलेलेच लिहावयाचे. आणि 'सुंदर', 'मनोहर', 'रम्य' असले एकही विशेषण वापरावयाचे नाही.

पहिली तीन-चार मिनिटे वर्ग अस्वस्थ होता. विशेषणे काढून घेतल्यावर लिहावयाचे काय, असा प्रश्न चेहऱ्यांवर दिसत होता. मग हळूहळू कागद भरू लागले. कोणी रंगांची यादी केली, आणि यादी करता करताच लक्षात आले की निळ्या-हिरव्यापासून निघालेली कविता पांढऱ्या वाटेने शेवटी काळ्या रंगाशी येऊन थांबते. एकीने लिहिले की गाव आहे, घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे, पण सबंध कवितेत एकही माणूस नाही. दुसऱ्याने लिहिले की वाट डोहाकडे जाते. कवीने ती गावात शिरताना दाखवलेली नाही. आणि वर्गात सहसा न बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या तिसऱ्या रकान्यात एकच प्रश्न होता: अखेरच्या ओळीतील 'असला' या शब्दाचा अर्थ काय? 'अशा प्रकारचा' की 'बसलेला असावा'? म्हणजे कवी ते झाड पाहतो आहे की त्याची कल्पना करतो आहे?

त्या तासाला आम्ही शिकवले फारसे नाही. त्या एका शब्दावर वर्ग अर्धा तास बोलत राहिला. 'औदुंबर'च्या आठ ओळींवर मराठी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती केवळ निसर्गचित्र आहे की तिच्या तळाशी उदासीनतेचा, विरक्तीचा झरा आहे, हा वाद जुना आहे. परंतु त्या वादाच्या दाराशी हे विद्यार्थी कोणाच्याही समीक्षाग्रंथाचा हात न धरता, केवळ नीट पाहिल्यामुळे येऊन पोचले होते. तीन रकान्यांनी त्यांना अर्थ दिला नव्हता. उत्तर देण्याची घाई तेवढी थांबवली होती.

चूक आम्ही पुढच्या वर्षी केली. आधीच्या वर्षीचा अनुभव इतका चांगला होता की त्यातील उत्तम कागद निवडून आम्ही त्यांचा एक नमुना टंकित केला आणि नव्या वर्गाला 'असे लिहावे' म्हणून वाटला. शिवाय या लेखनाला पाच गुणही ठेवले. कागद परत आले तेव्हा जवळपास प्रत्येकाने रंग बदलत गेल्याचे नोंदवले होते, प्रत्येकाने माणूस नसल्याचे लिहिले होते, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाला तोच एक प्रश्न पडला होता. 'असला' म्हणजे काय? तो प्रश्न आता प्रश्न राहिला नव्हता. ते पाच गुणांचे उत्तर झाले होते. मार्गदर्शक छापणाऱ्यांनी जे केले म्हणून आम्ही नाक मुरडत होतो, तेच आम्ही आमच्या हातांनी, चांगल्या हेतूने, एका पानात करून दाखवले होते.

हे केवळ आमच्याच बाबतीत घडले असते तर त्याचा एवढा गाजावाजा करण्याचे कारण नव्हते. पण शिक्षणाचा इतिहास पाहिला तर प्रत्येक विचारसाधनाची वाट थोड्याफार फरकाने अशीच गेलेली दिसते. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अध्यापनाचे चार टप्पे सांगितले. त्याच्या अनुयायांनी त्यांचे पाच केले. आणि पुढे पूर्वतयारी, प्रस्तुतीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पायऱ्यांनी कित्येक पिढ्यांचे पाठ-टाचण बांधून टाकले. जॉन ड्यूई याने 1910 मध्ये 'हाउ वुई थिंक' या ग्रंथात चिंतनशील विचाराच्या पाच अवस्था वर्णिल्या. त्या अवस्थांचे जिने बांधले जाऊ लागले. आणि 1933 च्या सुधारित आवृत्तीत त्याला स्पष्ट करावे लागले की या अवस्थांचा क्रम ठरलेला नाही.

ब्लूम यांच्या वर्गीकरणाची कथा अधिक बोधप्रद आहे. 1948 मध्ये बॉस्टन येथे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेला जमलेल्या महाविद्यालयीन परीक्षकांच्या गप्पांतून ते निघाले. वेगवेगळ्या विद्यापीठांतील परीक्षकांना परस्परांशी प्रश्नांची देवाणघेवाण करता यावी, एवढ्यासाठी त्यांना एक समान परिभाषा हवी होती. 1956 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आज जिकडेतिकडे दिसणारे पिरॅमिडचे चित्र नव्हते. ते नंतर आले आणि मूळ ग्रंथापेक्षा अधिक प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बी. एड.च्या पाठ-टाचणांत त्याचे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे ठरीव रकाने झाले, आणि हजारो छात्राध्यापकांनी एखाद्या भावकवितेपुढे बसून तिचे 'उपयोजन' कोणते, हे शोधण्यात आपली रात्र घालवली. परीक्षकांनी आपापसांत बोलण्यासाठी केलेली भाषा वर्गाचा कायदा बनली. प्रश्न विचारण्यासाठी केलेले साधन उत्तराचा साचा बनते, हा या सर्व उदाहरणांतील समान धागा आहे. आपल्या रसग्रहणाचेही असेच झाले. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही कवितेकडे पाहण्याची तीन अंगे मुळात उपयुक्तच आहेत. पण त्यांचे तीन परिच्छेद झाले, आणि कवीचे नाव बदलले की तेच परिच्छेद दुसऱ्या कवितेला चालू लागले.

ही साधने परकी आहेत म्हणून ती येथे रुजत नाहीत, असे काहींचे म्हणणे असते. ते आम्हाला पटत नाही. रचनाबद्ध विचाराची आपली परंपरा टोप्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. मीमांसकांच्या अधिकरणाची पाच अंगे घ्या: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. येथे प्रतिपक्षाचे म्हणणे मांडल्याशिवाय स्वतःच्या मताकडे जाताच येत नाही. पूर्वपक्ष हा शिष्टाचार नव्हे, तो वाटेतला पूल आहे. आमच्या विद्यार्थ्यांना निबंधात 'काहींचे मत याहून वेगळे आहे' हे वाक्य लिहिता येते, पण त्या काहींचे मत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडता येत नाही. पूर्वपक्षाची ही जुनी शिस्त एखाद्या सत्रात गांभीर्याने शिकवली, तर तिचा उपयोग कोणत्याही आयात साधनाहून कमी होणार नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. तेराव्या शतकातील महानुभावीय ग्रंथ 'दृष्टान्तपाठ' मराठीचा प्रत्येक विद्यार्थी नावाने ओळखतो. त्यात 114 दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची बांधणी तीन अंगांची आहे: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे तत्त्वाचे संक्षिप्त विधान; दृष्टान्त म्हणजे व्यवहारातील एक लहानशी कथा; आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या कथेचा सूत्राशी असलेला संबंध उलगडून दाखवणारा भाग. यांपैकी सूत्र व दृष्टान्त श्रीचक्रधरांचे, आणि दार्ष्टान्तिक केसोबासांचे. परीक्षेत हे एका गुणाचे उत्तर म्हणून आपण विचारतो आणि पुढे जातो. पण शिक्षक म्हणून त्याकडे पाहिले तर त्यात केवढी दृष्टी आहे! तिन्ही अंगांची चौकट आहे. पण तिच्यातील तिसरी जागा शिष्याने भरलेली आहे. गुरूने तत्त्व सांगितले, गोष्ट सांगितली. त्या दोहोंमधील सांधा जोडण्याचे काम शिष्याचे. आणि शिकणे म्हणतात ते त्या सांध्यातच घडते.

आम्हाला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते याच जागी येऊन पोचते. विचारसाधन चांगले की वाईट, हे त्यात किती रकाने आहेत किंवा कोणत्या देशातून ते आले यावर ठरत नाही. त्यात अशी एक तरी जागा आहे काय, जिचे उत्तर शिक्षकाजवळ नाही, एवढेच पाहावे. ती जागा असेल तर साधन जिवंत आहे. ती आधीच भरून दिली, छापून दिली, किंवा एकाच उत्तराला गुण ठेवले, की साधन मेले.

या कसोटीवर पाहिले तर एकाच साधनाचे दोन उपयोग कसे वेगळे पडतात, ते दिसते. संकल्पना-नकाशाचे उदाहरण घेऊ. वर्गात तो बहुधा मधोमध एक वर्तुळ आणि भोवती काड्या, अशा कोळ्याच्या आकृतीत उरतो. पण नोव्हॅक यांच्या पद्धतीचे मर्म वर्तुळांत नसून त्यांना जोडणाऱ्या रेषांवर लिहिलेल्या शब्दांत आहे. रेषेवर शब्द लिहिल्याशिवाय दोन कल्पना जोडल्या असे मानलेच जात नाही. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही 1939 मधील कादंबरी शिकवताना आम्ही केवळ दोन नावे फळ्यावर लिहितो: नायक चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. मध्ये एक रेघ, आणि तिच्यावर एक शब्द लिहावयाचा. बहुतेक जण प्रथम 'प्रेम' लिहितात. मग कोणी तो शब्द खोडून 'आसरा' लिहितो. कोणी रेघेच्या दोन टोकांना दोन बाण काढून दोन निरनिराळे शब्द लिहितो, कारण तिच्याकडून त्याच्याकडे जाणारी गोष्ट आणि त्याच्याकडून तिच्याकडे जाणारी गोष्ट एक नाही, असे त्याला वाटते. युद्धाच्या सावलीत बोटीवर घडणाऱ्या त्या कादंबरीची सारी वेदना त्या खोडलेल्या शब्दात असते. तोच नकाशा जर शब्द भरून छापील मिळाला असता, तर त्याची किंमत शून्य होती.

टोप्यांविषयीही हेच. वर्गातील चर्चेत त्या उपयोगी पडतात याचे कारण निराळे आहे. आपल्या वर्गात मत आणि माणूस यांची फार लवकर गाठ पडते. एखाद्या कादंबरीतील जातवास्तवाविषयी किंवा स्त्रीचित्रणाविषयी कोणी काही बोलले की ते त्याच्या जातीचे, गावाचे, घराचे मत ठरते. 'आता आपण सगळेच काळी टोपी घालून या कादंबरीच्या मर्यादा शोधू' असे म्हटले की टीका ही एका विद्यार्थ्याची न राहता सर्वांची कामगिरी होते, आणि न बोलणाऱ्यांनाही बोलण्याची मुभा मिळते. पण सहा टोप्यांखाली सहा परिच्छेद लिहून आणा, असे सांगितले की झालेच. मग आंधळे आणि हत्ती या जुन्या कथेतल्याप्रमाणे सोंड, कान, पाय यांची सहा वर्णने हाती येतात आणि हत्ती कोणालाच दिसत नाही. बोलण्याचे साधन लिहिण्याचा साचा करू नये.

आत्मचिंतनाच्या नोंदींचे काय? शिक्षक-प्रशिक्षणात आणि अलीकडे पदवी वर्गांतही 'चिंतन' लिहून घेण्याची प्रथा पडली आहे. ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये सुचवलेल्या चक्राची सहा घरे तिच्यामागे असतात: काय घडले, काय वाटले, बरेवाईट काय, असे का झाले, निष्कर्ष काय, पुढे काय करीन. अशा नोंदी आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत जवळजवळ प्रत्येकाचा आत्मविश्वास वाढलेला असतो आणि प्रत्येकजण पुढील वेळी वेळेचे नियोजन करणार असतो. हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते चिंतन नव्हे, ते तपासनीसाला दिलेले प्रशस्तिपत्र आहे. त्याऐवजी आम्ही हल्ली एकच प्रश्न विचारतो: ही कलाकृती वाचण्यापूर्वी तुम्हाला खरे वाटणारी, पण आता तशी न वाटणारी एक गोष्ट लिहा, आणि अशी एकही गोष्ट नसेल तर तसे लिहा. 'नाही' असे उत्तर देण्याची खरोखर मोकळीक असेल, तरच 'हो' या उत्तराला काही अर्थ असतो.

हा सारा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, याचे कारण उघड आहे. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले; त्यानंतर कोणतीही ठरीव चौकट काही क्षणांत भरून देणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आली. तीन रकाने, सहा टोप्या, चिंतनाची सहा घरे. सांगाल ते स्वच्छ मराठीत भरून मिळते. अनेक सहकारी यामुळे हताश झाले आहेत. आम्हाला यात एक कटू उपकार दिसतो. यंत्र जे सहज भरून देते, ते बहुतांशी मार्गदर्शकानेही भरून दिलेच होते. यंत्राने फक्त त्याची किंमत उघड केली. विद्यार्थ्याने रकान्यात काय लिहिले, हे आता पुरेसे प्रमाण राहिलेले नाही. त्याने काय खोडले, कोणत्या शब्दावर अडला, मित्राशी बोलताना मत कुठे बदलले, हे पाहावे लागेल. आणि ते वर्गातच, समोरासमोर पाहावे लागेल.

तेव्हा आमच्यापुरते आम्ही तीन नियम केले आहेत. पहिला, चौकटीत एक जागा अशी ठेवावयाची की जिचे उत्तर आम्हालाही ठाऊक नाही. आणि नमुना कधीही वाटावयाचा नाही. दुसरा, चौकटीला गुण द्यावयाचे नाहीत. गुण द्यावयाचे ते तिच्या आधाराने पुढे लिहिलेल्या निबंधाला, आणि त्या निबंधात चौकटीची नावे दिसता कामा नयेत. 'मग मुले रकाने भरणारच नाहीत,' असे म्हटले जाते. काही भरत नाहीत, हे खरे आहे. पण ज्यांनी भरले त्यांचे निबंध वाचताना फरक दिसतो, आणि तो पुढच्या वेळी इतरांनाही दिसतो. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: चौकट देतानाच ती केव्हा काढून घेणार, हे सांगून टाकावयाचे. पहिल्या चार कवितांना तीन रकाने, पुढच्या दोन कवितांना कोरा कागद.

हा तिसरा नियम काही आमचा शोध नव्हे. 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी शिकणाऱ्याला मिळणाऱ्या मदतीसाठी परांचीची उपमा वापरली, तेव्हापासून शिक्षणशास्त्रात ती रूढ आहे. दुर्दैवाने आपण तिचा पहिला अर्धा भाग तेवढा घेतला. घर बांधताना परांची लागते; तिच्याशिवाय गवंड्याचा हात वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, आणि ती नको म्हणणारा बहुधा आधीच वरच्या मजल्यावर राहत असतो. पण भिंत उभी राहिल्यावर परांची उतरवली नाही, तर घरात उजेड येत नाही. आपल्या वर्गांत आज पुष्कळ परांच्या उभ्या आहेत आणि त्यांच्या आत घर आहे की नाही, हे पाहण्याची सवड कोणाला नाही.

'असला' या शब्दावर अडलेला तो विद्यार्थी वर्ष संपताना आम्हाला भेटला, तेव्हा त्याच्याजवळ दुसऱ्याच एका कवितेचा कागद होता. त्यावर रकाने नव्हते. कविता वहीत उतरवून घेऊन त्याने एका शब्दाभोवती वर्तुळ केले होते आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे काय, असे त्याने विचारले. नव्हते. आम्ही तिथेच बाकावर बसून ती कविता पुन्हा वाचावयास घेतली.